टॉवर गच्चीवर, फोन खिशात

गेल्या रविवारी आमच्या वारज्यातल्या सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरली. विषय एकच होता, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर. पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी सभा बोलावली तर सात माणसं येतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. "या किरणोत्सर्गानं आमच्या पोरांना पोरं होणार नाहीत," असं एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटून म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो पँटच्या पुढच्या खिशातून काढला, बंद केला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

त्यानंतर मला भाषणं ऐकू येईनात. जो उठे त्याच्या पुढच्या खिशाकडेच नजर जाई, आणि तिथं एक चौकोनी फुगवटा असेच. माझा भाचा तिसऱ्या रांगेत होता. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. रविवार असूनही ऑफिसचं काम चालू होतं, म्हणून लॅपटॉप मांडीवर, त्याला नेट पुरवणारा हॉटस्पॉट खिशात, आणि तोंडानं टॉवरविरोधी घोषणा. त्याची बायको मागे, जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती काही बोलली नाही.

मी टॉवर कंपन्यांची वकिली करत नाही. शंका घेणं हा रहिवाशांचा हक्क आहे आणि तो त्यांनी बजावावा. माझं म्हणणं एवढंच, की शंका घेताना अंतर मोजा.

रेडिओलहरी उगमापासून जशा पसरतात तशा विरळ होतात. अंतर दुप्पट झालं की मारा चौथ्या हिश्शावर येतो. आपण हिशेब करून पाहू. अँटेनाची शक्ती वीस वॅट धरा, झोत पन्नासपट एकवटलेला धरा. तरी ऐन झोतात, पन्नास मीटरवर उभ्या माणसाच्या वाट्याला दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट येतात. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती ०.४५ वॅट ठरली. एका गच्चीवर दोन-तीन कंपन्यांच्या डझनभर अँटेना असल्या आणि समोरच्या इमारतीचा चौथा मजला नेमका झोतात आला, तर बेरीज वाढते. म्हणून प्रत्यक्ष मोजणी हवी. पवईच्या आयआयटीतले अँटेनाचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल देऊन टॉवरच्या धोक्याबद्दल बजावलं होतं. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य करा अथवा करू नका, मोजा म्हणणारा माणूस बरोबरच होता.

मोजणीची सोयही आहे. दूरसंचार विभागानं २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथं आपल्या भागातला टॉवर पाहता येतो आणि चार हजार रुपये भरून मोजणी मागवता येते. आमच्या सोसायटीत ऐंशी घरं आहेत, म्हणजे घरटी पन्नास रुपये. मी सभेत हे मांडलं. पन्नास रुपयांचा ठराव बारगळला. टॉवर हटवण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

पण टॉवर हटला तर काय होईल, हे कुणी विचारलं नाही.

फोन आणि टॉवर सतत एकमेकांशी बोलत असतात. टॉवर जवळ असला, सिग्नल स्वच्छ असला, की फोन हळू बोलतो. टॉवर लांब गेला, मध्ये काँक्रीटच्या चार भिंती आल्या, की फोनला ओरडावं लागतं. जुना टूजी फोन ओरडताना क्षणभर दोन वॅटपर्यंत जायचा. आजचा फोरजी फोन साधारण ०.२ वॅटवर थांबतो, पण तो ओरडतो कुठून? मांडीला चिकटून. आमच्या तळघरात, लिफ्टमध्ये, एनडीएच्या टेकडीच्या आडोशाला सिग्नलच्या दोन काड्या उरतात तेव्हा खिशातला फोन पूर्ण जोर लावत असतो. टॉवर पन्नास मीटरवरून दोन किलोमीटरवर ढकलला की तो जोर रोजचा होईल. नुसता पडून असलेला फोन फारसा बोलत नाही, मधूनमधून हजेरी देतो. हॉटस्पॉट लावून खिशात टाकलेला फोन मात्र अखंड बोलतो. कानात इअरफोन आणि खिशात फोन अशा थाटात तासभर गप्पा मारणाऱ्याचा फोनही तसाच. अशांची तोंडं सभेत सगळ्यात मोठी होती.

आता त्या शब्दाबद्दल. सभेत प्रत्येकानं 'किरणोत्सर्ग' म्हटलं. हा शब्द अणुभट्टीचा, युरेनियमचा. मोबाइलच्या लहरींना मराठी विज्ञानलेखनात 'प्रारण' म्हणतात आणि हा फरक महत्त्वाचा आहे. क्ष-किरण रेणूतला बंध तोडू शकतात. मोबाइलच्या लहरीच्या एका कणातली ऊर्जा तो बंध तोडायला लागते त्याच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाएवढी असते. इंग्रजीतलं 'रेडिएशन' दोघांना एकाच पोत्यात घालतं. आपल्याकडे दोन शब्द असताना आपणही भीतीच्या नादात पोतं एकच केलं.

म्हणजे फोन निर्धोक ठरला का? नाही. बंध तोडण्यावाचूनही इजा होण्याचे मार्ग असतात आणि इथं खरा प्रश्न सुरू होतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशोक अगरवाल आणि सहकाऱ्यांनी वंध्यत्व-उपचारांसाठी आलेल्या ३६१ पुरुषांचे चार गट केले. फोन न वापरणारे, दिवसाला दोन तासांपर्यंत वापरणारे, दोन ते चार तास वापरणारे आणि चार तासांहून अधिक वापरणारे. वापर वाढत गेला तशी शुक्राणूंची संख्या, हालचाल, जिवंतपणा घटत गेला. जगभर मथळे झाले. पण फोन किती वापरता हे त्या पुरुषांनीच सांगितलेलं होतं, आणि मंडळी आधीच दवाखान्याची पायरी चढलेली होती. पुढच्या वर्षी त्याच चमूनं वीर्याचे नमुने बोलत्या फोनपासून अडीच सेंटिमीटरवर तासभर ठेवले. हालचाल मंदावली, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला. शुक्राणूच्या आवरणात सहज गंजणारी स्निग्धाम्लं भरपूर असतात आणि गंज रोखणारी विकरं ठेवायला पेशीत जागा जवळजवळ नसते. म्हणून हा मार्ग संशोधकांना पटण्यासारखा वाटतो. पण बशीतला शुक्राणू उघडा असतो. शरीरातल्याभोवती कातडी, स्नायू आणि वाहतं रक्त असतं.

२०१४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं दहा अभ्यास आणि १,४९२ नमुने एकत्र केले. हालचाल सरासरी आठ टक्क्यांनी कमी दिसली. २०२३ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाचा मोठा अभ्यास आला. लष्करभरतीच्या केंद्रांवर २००५ ते २०१८ या काळात आलेले २,८८६ स्विस तरुण, वय १८ ते २२. फोन आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांच्या एक मिलिलिटर वीर्यात ५.६५ कोटी शुक्राणू, दिवसाला वीसपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांच्या ४.४५ कोटी. फरक मोठा आहे. तरी हे दोन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या १.६ कोटींच्या किमान रेषेच्या खूप वर आहेत. पुढची गंमत अशी, की हा संबंध २००५ ते २००७ या काळात सगळ्यात ठळक होता आणि टूजी जाऊन थ्रीजी-फोरजी आले तसा फिकट होत गेला. फोन पँटच्या खिशात ठेवणाऱ्यांत वेगळी घट सापडलीच नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या मथळ्याच्या विरुद्ध जातं. म्हणूनच ते दडवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यातही मोबाइल आणि पुरुषाची जननक्षमता यांविषयीचा माणसांवरचा पुरावा अत्यंत कमी खात्रीचा ठरला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत परिणाम दिसले आहेत, पण त्यातल्या अनेकांत मारा माणसाच्या वाट्याला येतो त्याहून कितीतरी अधिक होता.

तर मग करायचं काय? मला यात कसलाही पेच दिसत नाही. खबरदारी फुकट असेल तर पुरावा पक्का होण्याची वाट पाहू नये. फोन पिशवीत टाकायला पैसे पडत नाहीत. हॉटस्पॉट टेबलावर ठेवायला पैसे पडत नाहीत. गाडीवर असाल तर हँडलच्या होल्डरला लावा. पैसे पडतात ते फोनच्या पाठीवर चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' चकत्यांना, आणि त्या पैशात फक्त फसवणूक मिळते. चकतीनं लहरी खरोखर अडवल्या तर फोन आणखी जोरानं ओरडेल, आणि अडवल्या नाहीत तर चकती कशाला? ऑक्टोबर २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगानं शेणाची चिप प्रारण कमी करते असं जाहीर केलं. देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी प्रयोगाचे कागद मागितले. ज्या घरात मुलासाठी डोळे लागले आहेत त्या घराच्या हताशपणावर असला धंदा उभा राहतो, याची मला चीड आहे.

आणि लहरींवर डोळा ठेवता ठेवता ऊब विसरू नका. वृषण शरीराबाहेर लोंबते ठेवण्यात निसर्गाचा हेतू आहे. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावं लागतं. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २९ तरुणांच्या मांडीवर तासभर लॅपटॉप ठेवला आणि तापमान मोजलं. वाढ अडीच अंशांहून अधिक होती. त्यात मांड्या जुळवून बसण्याचाही वाटा होता. फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला, दोन तासांत सुमारे दोन अंश. आता वारज्यात उभं राहून बायपास बघा. मुंबई-बंगळूर मार्गावरचे ट्रकवाले दिवसदिवस तापलेल्या केबिनमध्ये बसलेले असतात. आमच्या भागातली पोरं रात्री अकरापर्यंत दुचाकीवर जेवणाचे डबे पोचवतात. भट्टीपुढचा बेकरीवाला आहे, वेल्डर आहे. त्यांच्या उबेबद्दल एकाही सोसायटीनं ठराव केलेला नाही.

जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही एक सांगते. बाहेरून हे संप्रेरक आलं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप पाठवणं थांबवतो. दंड वाढतो आणि बीज आटतं, काहींचं तर शून्यावर येतं. इथं 'कदाचित' म्हणायची गरज नाही. गुटखा, तंबाखू, सिगरेट यांचं तर सांगायलाच नको. आणि व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा. सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरांना, जननक्षमतेची अडचण असलेल्यांत शंभरात पस्तीस-चाळीसांना. डॉक्टरच्या बोटांना उभ्या उभ्या कळणारी गोष्ट. पण त्यासाठी डॉक्टरपुढे उभं राहावं लागतं.

आणि इथंच सगळी मर्दुमकी संपते.

माझ्या भाचेसुनेची फाईल मी पाहिली आहे. दवाखान्यात तिच्या सोबतीला जाते तेव्हा फाईल माझ्या मांडीवर असते. जाड निळी फाईल, चार वर्षांची. दर महिन्याच्या सोनोग्राफ्या, थायरॉइड आणि एएमएचच्या रक्ततपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहायला रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे. त्या दिवशी ती वेदनेनं माझं मनगट आवळून होती. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. मग गोळ्या, इंजेक्शनं, सोमवारचे उपास, कुणीतरी सांगितलेला अंगारा. पानं उलटता उलटता मी शेवटच्या कव्हरापर्यंत गेले. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता.

लग्नाच्या सहा वर्षांत एकही नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्यतपासणी ही सगळ्यात साधी तपासणी. दोन ते सात दिवसांचं पथ्य, एक बंद खोली, एक डबी आणि काही शे रुपये. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. एका अहवालावर विसंबू नये, काही आठवड्यांनी दुसरा करावा, इतकंच. ती आधी व्हायला हवी. आपल्याकडे बाईचं पोट दुर्बिणीतून बघून झालं, की मग चाचरत नवऱ्याला विचारतात. वाटेत काही डॉक्टरही विचारत नाहीत, कारण नवरा खोलीत आलेलाच नसतो. तो खाली गाडी लावत असतो.

भाषासुद्धा त्याला पाठीशी घालते. 'वांझ' म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. निष्फळ चर्चेला आपण वांझोटी म्हणतो, वादाला वांझोटा म्हणतो. पुरुषाला मात्र म्हणत नाही. त्याच्यासाठी उरतो 'नपुंसक', आणि तो शब्द सरळ खोटं बोलतो. शुक्राणू कमी असण्याचा आणि संबंध ठेवता येण्याचा थेट संबंध नाही. ज्याचा अहवाल शून्य आहे त्याचंही लैंगिक आयुष्य ठणठणीत असू शकतं. या दोन गोष्टींत गल्लत करणाऱ्या एका शब्दाला घाबरून हजारो पुरुष ती डबी हातात घेत नाहीत, आणि त्यांच्या बायका रंगद्रव्याच्या एक्स-रेला आडव्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं, की जगात सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे आमच्या त्या सभेतही अनेक जण असणार. टॉवर हे त्यांच्यासाठी सोयीचं गाऱ्हाणं होतं. टॉवरला डबी द्यावी लागत नाही.

वारज्याच्या अंगाला कर्वेनगर आहे, म्हणजे जुनं हिंगणे. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये विधवांचा आश्रम तिथं हलवला. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, नोकरी गमावली आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील, सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या माणसानं शरीराबद्दल स्पष्ट बोलण्यासाठी आयुष्य झिजवलं, त्याच्या वडिलांच्या कर्मभूमीपासून हाकेच्या अंतरावर आज 'वीर्य' हा शब्द उच्चारायला पार्किंगमध्ये जमलेले पुरुष तयार नव्हते. मी उच्चारला. दोघं उठून गेले. एक काका म्हणाले, "ताई, इथं बायकामाणसं आहेत." मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं तपासून घेतायत त्या बायकामाणसंच."

सभा संपल्यावर भाच्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "अरे, खिशातला हॉटस्पॉट बंद कर आधी." तो हसला. "मावशी, त्यानं खरंच होतं का?" मी म्हटलं, कदाचित होतं, कदाचित नाही, शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण लॅपटॉप मांडीवरून उतरव, त्याबद्दल फारसं भांडण नाही. आणि तुझा एकही कागद त्या फायलीत नाही, त्याबद्दल तर अजिबातच नाही. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "माझ्यात काही निघालं तर?" सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं हा प्रश्न मोठ्यानं विचारला होता. त्याच्या आवाजात मला शाळेतला पोरगा ऐकू आला, आणि माझा राग निम्मा उतरला.

मी त्याला सांगितलं, की शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पुढे प्रवासाचे दहा-बारा दिवस. म्हणजे आज जे बदलशील ते तीन महिन्यांनी दिसेल. व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया आहे, जंतुसंसर्गावर औषध आहे. संख्या फारच कमी असली तर एकेक शुक्राणू निवडून बीजांडात सोडण्याचं तंत्र आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, त्याला किती वर्षं झाली मोज. "काही निघालं तर त्याच्यावर उपाय शोधता येतो. न काढलेल्या कागदावर काय शोधणार?"

तो गुरुवारी सकाळी जाऊन आला. एकटा गेला नव्हता, बायको बरोबर होती आणि या वेळी खाली गाडी लावायला ती थांबली. शनिवारी अहवाल आला. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा निळी फाईल जेवणाच्या टेबलावर उघडी होती आणि भाचेसून पंचिंग मशीननं एका कागदाला भोकं पाडत होती. तिनं तो जुन्या कागदांच्या वर, सगळ्यात पहिला लावला. आकडे काय आहेत ते मी विचारलं नाही.